एकट्या नाविकाचीं साधनें व त्यांची साक्ष

इतिहाससंशोधनाच्या परिभाषेंत 'साधन' हा शब्द आपण बखरी, शकावल्या, पत्रव्यवहार व दफ्तरें यांना उद्देशून वापरतों. दर्यावर्दी व वैमानिक त्याच शब्दानें होकायंत्र, घड्याळ, सेक्स्टंट इत्यादि वस्तूंचा निर्देश करितात. हें शब्दसाम्य केवळ योगायोगाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें. जें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं त्याविषयीं हें साधन जें सांगतें, त्यावर किती भरंवसा ठेवावा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं एकच आहे. फरक आहे तो परिणामांत. संशोधकाचा निर्णय चुकला तर पुढील अंकांत त्याचें खंडन छापून येतें. भर समुद्रांत एकट्या माणसाचा निर्णय चुकला तर खंडन ऐकण्यास तो बहुधा उरत नाहीं.

सरकारी आरमारांचीं व मोठ्या व्यापारी जहाजांचीं साधनें हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तेथें अधिकारी अनेक असतात, एकाचें गणित दुसरा तपासतो, आणि बंदरांत दुरुस्तीचे कारखाने असतात. आम्ही येथें जो विचार करणार आहों तो स्वतःच्या लहानशा होडींतून किंवा विमानांतून एकट्यानें निघालेल्या माणसांच्या साधनांचा. तेथें कप्तान, गणिती व कारागीर हीं तिन्ही माणसें एकाच अंगरख्यांत असतात. साधनांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न जितका उघडा येथें दिसतो तितका तो अन्यत्र दिसत नाहीं. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें: विश्वसनीय साधन म्हणजे निर्दोष साधन नव्हे, ज्याचा दोष मोजून लिहून ठेवलेला आहे व ज्याच्या जोडीस दुसरा स्वतंत्र साक्षी आहे, तेंच साधन विश्वसनीय.

(१)

सर्वांत साध्या साधनापासून आरंभ करूं. अरबी व हिंदी नाविक 'कमाल' नांवाचें एक साधन वापरीत. लांकडाची लहानशी चौकोनी फळी आणि तिच्या मध्यांतून ओवलेली गांठींची दोरी, एवढाच त्याचा संसार. दोरी दांतांत धरून, फळीची खालची कड क्षितिजास व वरची कड ध्रुवताऱ्यास टेकेल इतक्या अंतरावर फळी धरावयाची, आणि कोणती गांठ दांतांत आली तें पाहावयाचें. गांठीवरून ध्रुवाची उंची व उंचीवरून अक्षांश कळे. जेम्स प्रिन्सेप यानें १८३६ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या साधनाचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे. साधन स्थूल खरें. पण त्यांत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, आणि तें किती स्थूल आहे हें वापरणारा जाणून असे.

रेखांशाची गोष्ट निराळी. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. म्हणून मूळ ठिकाणची वेळ व आपल्या ठिकाणची वेळ यांतील अंतर म्हणजेच रेखांश. हा हिशेब सोपा, पण मूळ ठिकाणची वेळ समुद्रावर सांगणार कोण? घड्याळ ४ सेकंदांनीं चुकलें तर विषुववृत्तावर स्थान एका सागरी मैलानें चुकतें, आणि ४ मिनिटांनीं चुकलें तर साठ मैलांनीं. इंग्लंडांत १७१४ च्या कायद्यानें अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश काढून देणारास २०,००० पौंडांचें बक्षीस लावण्यांत आलें. त्यासाठीं जॉन हॅरिसन या सुतारानें केलेलें चौथें घड्याळ १७६१ च्या अखेरीस जमेकाकडे धाडलें. एक्याऐंशी दिवसांच्या प्रवासानंतर त्याची चूक अवघी ५ सेकंदांच्या आसपास भरली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत नाहीं ती पुढील गोष्ट. निघण्यापूर्वींच्या तपासणींत हें घड्याळ रोज सुमारें २.७ सेकंद मागें पडतें असें आढळलें होतें. एक्याऐंशी दिवसांत हें मागें पडणें साडेतीन मिनिटांहून अधिक होतें. तेवढें वजा केल्यावर मग ते ५ सेकंद उरले. वजाबाकी केली नसती तर तेंच घड्याळ अर्ध्या अंशाच्या कसोटीस उतरलें नसतें.

म्हणजे जगांतील या सर्वांत प्रसिद्ध सागरी घड्याळाचें मोठेपण बिनचूक वेळ दाखविण्यांत नव्हतें. एकाच चालीनें चुकत राहण्यांत होतें. क्रोनॉमीटरवाल्यांच्या भाषेंत यास घड्याळाची 'चाल' म्हणतात, आणि चालीचें पत्रक हा घड्याळाचाच एक भाग समजला जातो. दुसरी गोष्ट जोडीची. घड्याळें दोन असून त्यांत फरक पडला तर कोणतें खोटें हें कळत नाहीं. तीन असलीं म्हणजे दोहोंच्या साक्षीवरून तिसऱ्याचा दोष उघड होतो. १८३१ सालीं 'बीगल' जहाज सफरीस निघालें तेव्हां त्यावर २२ क्रोनॉमीटरें होतीं, याचें कारण हेंच. पाठभेद पाहण्यासाठीं एकाच बखरीच्या अनेक प्रती जमविणारास हें निराळें सांगावयास नको.

(२)

परंतु ज्याच्याजवळ बावीस नाहींत, एकहि धड क्रोनॉमीटर नाहीं, त्यानें काय करावें? याचें उत्तर जोशुआ स्लोकम यानें दिलें. 'स्प्रे' नांवाची जुनी मोडकी होडी स्वतः नव्यानें बांधून तो २४ एप्रिल १८९५ रोजीं बोस्टनहून निघाला व २७ जून १८९८ रोजीं न्यूपोर्ट येथें परत आला. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला मनुष्य. त्याचा जुना क्रोनॉमीटर बरींच वर्षें पडून होता, आणि तो साफ करून त्याची चाल काढून देण्यास १५ डॉलर पडतील असें त्यास सांगण्यांत आलें. तेवढा खर्च त्यास झेपणारा नव्हता. नोव्हा स्कोशियांतील यार्मथ गांवीं त्यानें एक टिनचें घड्याळ घेतलें. किंमत दीड डॉलर होती. तबकडी फुटलेली म्हणून एका डॉलरास मिळालें. पुढें त्याचा मिनिटकांटा निघून गेला, आणि हिंदी महासागरांत तें बंद पडलें तेव्हां स्लोकमनें तें चक्क पाण्यांत उकळून पुन्हा चालू केलें. तासकांट्यावर त्याचें काम भागलें!

हें वाचून कोणी म्हणेल कीं हा मनुष्य दैवावर हवाला ठेवून निघाला होता. तसें नाहीं. टिनच्या घड्याळावर रेखांश काढतां येत नाहीं हें त्यास पुरतें ठाऊक होतें, म्हणूनच त्यानें त्या घड्याळावर रेखांशाचा भार टाकला नाहीं. हुआन फर्नांदेस बेटाहून निघाल्यावर त्रेचाळिसाव्या दिवशीं मार्केसास द्वीपसमूहांतील नुकुहिवा बेट दृष्टीच्या टप्प्यांत आलें, तेव्हां त्यानें चंद्रावरून रेखांश काढण्याची जुनी रीत हातीं घेतली. चंद्र हा आकाशाच्या तबकडीवर फिरणारा कांटाच होय. सूर्यापासून किंवा ताऱ्यापासून त्याचें अंतर सेक्स्टंटनें मोजलें म्हणजे नाविक पंचांगावरून मूळ ठिकाणची वेळ काढतां येते. मात्र गणित लांबलचक व किचकट असतें. पहिलें उत्तर आलें तें त्याच्या अंदाजी स्थानापासून शेंकडों मैल पश्चिमेचें.

येथें स्लोकमचें वर्तन संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्यानें पुन्हा वेध घेतले. वेध तेच सांगूं लागले तेव्हां त्यानें छापील कोष्टकेंच तपासावयास घेतलीं, आणि त्यांतील एका आंकड्यांत त्यास चूक सांपडली. ती दुरुस्त करतांच चंद्रानें सांगितलेलें स्थान व होडीचा वेग आणि दिशा यांवरून मांडलेलें अंदाजी स्थान यांत कांहीं थोड्या मैलांचेंच अंतर राहिलें. छापलें आहे म्हणून तें खरें, असें न मानणारा हा नाविक कोणत्याहि संशोधन मंडळाचा सभासद होण्यास पात्र होता. पुढें सेंट हेलिना बेटावर मिळालेल्या बकरीनें त्याचा वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. कसर, वाळवी व उंदीर यांनीं ज्यांचीं दफ्तरें खाल्लीं आहेत ते आमचे वाचक या प्रसंगीं स्लोकमचें दुःख जाणतील. त्यानें तेवढा प्रवास आठवणीवर केला.

(३)

स्लोकमजवळ वेळ होता; गणितास दिवस लागला तरी 'स्प्रे' आपल्या चालीनें चालली होती. वैमानिकाजवळ तोहि नसतो. त्याचें इंधन मोजकें असतें, आणि तें संपलें कीं प्रश्न आपोआप निकालांत निघतो. फ्रान्सिस चिचेस्टर यानें १९३१ सालीं हा प्रश्न ज्या रीतीनें सोडविला ती आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत सुंदर युक्ति आहे.

न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियास टास्मन समुद्रावरून पूर्व-पश्चिम एकट्यानें उडावें, हा त्याचा बेत. त्याचें 'जिप्सी मॉथ' जातीचें लहान विमान हें अंतर एका दमांत तोडण्यास असमर्थ होतें. म्हणून विमानास चाकांऐवजीं पाण्यावर तरंगणारे पाय लावून तो नॉर्फोक व लॉर्ड हाउ या दोन बेटांवर थांबत जाणार होता. नॉर्फोक बेट सुमारें ५ मैल लांब व ३ मैल रुंद. न्यूझीलंडच्या उत्तर टोंकापासून जवळजवळ ५०० मैलांवर. आणि मध्यें केवळ पाणी. बेट चुकलें तर परतण्यापुरतें इंधन नाहीं. वाऱ्यानें विमान किती बाजूस सरकलें हें सांगणारें यंत्र नाहीं. हातीं काय, तर होकायंत्र, घड्याळ, सेक्स्टंट व गणित करण्यास एक गोलाकार मोजपट्टी. विमानाचा दांडा गुडघ्यांत धरून तो सूर्याचे वेध घेई व मांडीवरील वहींत गणित करी.

सूर्याच्या एका वेधावरून स्थानाचा बिंदु मिळत नाहीं, फक्त रेषा मिळते. आपण या रेषेवर कोठें तरी आहों एवढेंच कळतें. आतां असें समजा कीं वैमानिक थेट बेटाच्या रोखानें गेला, गणितानें ठरलेल्या वेळीं बेटावरून जाणाऱ्या रेषेवर पोंचला, आणि खालीं पाण्यावांचून कांहीं दिसलें नाहीं. बेट डावीकडे राहिलें कीं उजवीकडे? हें सांगण्यास त्याच्याजवळ कोणतेंच साधन नाहीं. चिचेस्टरनें म्हणून बेटाकडे रोखच धरला नाहीं. तो जाणूनबुजून एका बाजूस चुकून गेला, आणि इतका चुकून गेला कीं वाऱ्यामुळें व होकायंत्रामुळें होऊं शकणारी सर्व अजाण चूक त्या जाणत्या चुकीच्या पोटांत मावावी. रेषेवर पोंचतांच मग संशय उरत नाहीं. कोणत्या बाजूस वळावयाचें हें आधींच ठरलेलें. २८ मार्च १९३१ रोजीं तो याप्रमाणें वळला व नॉर्फोक बेट त्याच्यापुढें आलें.

अज्ञात चुकीपेक्षां ज्ञात चूक बरी, हें तत्त्व इतक्या धाडसानें दुसऱ्या कोणीं वापरल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पुढें लॉर्ड हाउ बेटावर वादळांत त्याचें विमान उलटून बुडालें. बेटावरील लोकांच्या मदतीनें त्यानें तें सुटें करून सुमारें दहा आठवड्यांत पुन्हा उभें केलें व ६ जून रोजीं ऑस्ट्रेलियाचा किनारा गांठला. ज्याला आपलें साधन खिळ्याखिळ्यानें ठाऊक आहे त्याचेंच तें खरें साधन, हा या दुसऱ्या प्रसंगाचा बोध.

(४)

होकायंत्राचा उल्लेख वर आला. हें साधन सर्वांत जुनें व सर्वांत भोळें समजलें जातें. पण तें दोन तऱ्हांनीं चुकतें. चुंबकाचें उत्तर व खरें उत्तर यांत अंतर असतें, आणि तें स्थळपरत्वें व कालपरत्वें बदलतें. शिवाय होडींतील वा विमानांतील लोखंड कांट्यास आपल्याकडे ओढतें. हा दुसरा दोष काढण्यासाठीं विमान जमिनीवर ओळखीच्या दिशांकडे क्रमानें फिरवून कांटा कोठें किती फसतो तें लिहितात, आणि तें लहानसें पत्रक वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लावून ठेवतात. साधनाच्या शेजारींच त्याच्या दोषांची कबुली टांगलेली, असें दृश्य दुसऱ्या फारच थोड्या धंद्यांत दिसेल.

पहिला दोष मोजण्याचें काम वेधशाळांचें. आणि येथें आमच्या कोंकणचा संबंध येतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली व १८४१ पासून तेथें चुंबकीय मापनें होऊं लागलीं. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें तेव्हां त्यांच्या प्रवाहानें मापनें दूषित होतील हें ओळखून तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. म्हणजे मुंबईच्या कुलाब्याहून तें आंग्र्यांच्या कुलाब्यासमोर गेलें. नानाभाई मूस हे त्या वेळीं वेधशाळेचे प्रमुख होते. या स्थलांतरांतील खरी शहाणपणाची गोष्ट पुढेंच आहे. अलिबागेस काम सुरू होतांच मुंबईचें बंद केलें नाहीं. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापनें घेऊन त्यांतील अंतर ठरविलें, आणि मगच जुनें ठिकाण सोडलें. त्यामुळें मुंबईचीं व अलिबागचीं मापनें ही एकच अखंड मालिका म्हणून वापरतां येते. ट्रामगाड्या १९०७ सालीं आल्या आणि १९६४ सालीं गेल्याहि. ती मालिका मात्र उरली. जुना लेखनिक जाण्यापूर्वीं नव्यानें त्याच्या शेजारीं बसून दोन वर्षें एकच दफ्तर लिहावें, तसा हा प्रकार होय.

सूक्ष्म साधनांचें इतकें कौतुक केल्यावर एका क्षुद्र वस्तूचीहि नोंद केली पाहिजे. १९२९ च्या नोव्हेंबरांत आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमानानें करणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. १९३० च्या मे महिन्यांत जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे, असे उलट दिशांनीं निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथें टाटा उतरले तों त्यांचा हा प्रतिस्पर्धी तेथें अडकून पडलेला! त्याच्या एंजिनास चांगले स्पार्क प्लग हवे होते व त्याच्याजवळ ते नव्हते. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले. अस्पी कराचीस आधीं पोंचला व बक्षीस त्यास मिळालें. हेच अस्पी इंजिनिअर पुढें १९६० ते १९६४ पर्यंत भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

या प्रसंगांतील औदार्याची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे. आम्ही त्याची तांत्रिक बाजू दाखवूं इच्छितों. विमानाच्या एंजिनांत प्रत्येक नळकांड्यास दोन प्लग व ठिणगी देणारीं यंत्रें दोन, अशी योजना सामान्यतः असते, आणि उड्डाणापूर्वीं वैमानिक एकेक बाजू बंद करून दुसरी एकटीनें काम करते कीं नाहीं हें पाहतो. येथेंहि तत्त्व तेंच: साक्षी दोन असावेत, आणि प्रत्येकाची जबानी एकेकट्यानें घ्यावी. दोघांस एकदम विचारलें तर एकाचा मुकेपणा दुसऱ्याच्या आवाजांत लपून जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, तेंहि बिनतारी यंत्राशिवाय, एकट्यानें, एका एंजिनाच्या 'पस मॉथ' विमानांतून. जुहूच्या मैदानावर त्या दिवशीं जें उतरलें त्यांत या शिस्तीचा भाग मोठा होता.

(५)

आतांपर्यंत साधनें चुकतात याचा विचार झाला. साधनांच्या नांवावर माणूस खोटें बोलला तर काय होतें, हें आतां पाहूं. आमच्या वाचकांस या प्रकरणांत विशेष गोडी वाटावी, कारण हें बनावट कागदांचें प्रकरण आहे.

१९६८ सालीं लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्रानें एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लावली. नऊ जण निघाले. पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननें. त्याची 'सुहेली' होडी मुंबईंत बांधलेली, हिंदी सागवानाची. १४ जून १९६८ रोजीं तो फालमथहून निघाला. वाटेंत त्याचें बिनतारी यंत्र बंद पडलें, स्वयंचलित सुकाणूची योजना मोडली. न्यूझीलंड सोडल्यावर साडेचार महिने जगास त्याचा पत्ता नव्हता. पण सेक्स्टंट होता, घड्याळ होतें, आणि शिडें अशीं तोलून लावतां येत होतीं कीं होडीनें आपणच आपली दिशा धरावी. ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, तो फालमथास परत आला.

त्याच शर्यतींत डोनल्ड क्रोहर्स्ट होता. हौशी नाविकांसाठीं बिनतारी दिशादर्शक यंत्र बनविणें हा त्याचा धंदाच होता, आणि आपल्या तीन सांगाड्यांच्या होडीवर तो अनेक नवीं स्वयंचलित साधनें बसविणार होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, तो घाईनें निघाला तेव्हां त्या साधनांच्या तारा होडीभर ओढलेल्या होत्या, पण त्या कशालाहि जोडलेल्या नव्हत्या. होडींत पाणी शिरूं लागलें. पुढें जावें तर दक्षिण महासागरांत मरण, मागें फिरावें तर कर्ज व नाचक्की. डिसेंबरांत त्यानें तिसरी वाट धरली: अटलांटिकांतच घुटमळत राहून बिनतारी संदेशांतून खोटीं स्थानें कळवावयाचीं.

खोटे वेध रचणें हें खरे वेध घेण्याहून कठीण असतें. खऱ्या वेधांत सूर्यावरून स्थान काढतात. खोट्यांत, मी अमुक ठिकाणीं असतों तर सूर्य मला किती उंचीवर दिसता, असें उलट गणित करावें लागतें, आणि त्याशीं हवामान, वेग व तारीख यांचा मेळ घालावा लागतो. बनावट सनद करणारा तिथि लिहितो, आणि ती तिथि त्या वारीं पडत नाहीं म्हणून जंत्रीपुढें पकडला जातो. त्यांतलाच हा प्रकार. त्यानें एका दिवसांत २४३ मैल तोडल्याचा विक्रम कळविला, तेव्हां शर्यतीच्या परीक्षकांचा प्रमुख त्याविषयीं साशंक झाला. हा प्रमुख म्हणजे आपला पूर्वपरिचित फ्रान्सिस चिचेस्टर. आयुष्यभर स्वतःच्या साधनांची उलटतपासणी केलेल्या त्या माणसास आंकड्यांचा सूर लागला नाहीं.

खोट्या साक्षीचें फळ मात्र दुसऱ्यास भोगावें लागलें. नायजेल टेटली हा पृथ्वीप्रदक्षिणा जवळजवळ संपवून घराकडे येत होता. क्रोहर्स्ट आपल्या पाठीवर आहे असें त्या खोट्या संदेशांवरून समजून त्यानें आपली जर्जर होडी ताणली, आणि ती १९६९ च्या मे महिन्यांत अझोर्स बेटांच्या परिसरांत फुटून बुडाली. टेटली बचावला. आतां क्रोहर्स्टच विजयी ठरणार व त्याच्या वह्या तपासल्या जाणार हें स्पष्ट झालें. १० जुलै १९६९ रोजीं त्याची होडी समुद्रांत रिकामी सांपडली. शेवटची नोंद १ जुलैची आहे. त्या अखेरच्या पानांत आपलें घड्याळ बंद पडल्याचें त्यास कळतें व तो चंद्रावरून पुन्हा वेळ शोधूं पाहतो, हें वाचतांना मन कळवळतें. एक गोष्ट मात्र आम्हांस सांगितली पाहिजे. त्यानें जगास खोटें सांगितलें, पण खरीं स्थानें दाखविणारी नोंदवही फाडली नाहीं. ती होडींत तशीच ठेवली. म्हणूनच खरें काय तें आज आपणांस सांगतां येतें. नॉक्स-जॉन्स्टननें आपल्या बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबास दिले.

(६)

हें सर्व जुनें झालें, आतां उपग्रह स्थान सांगतात, असा आक्षेप येईल. उपग्रहांची थोरवी आम्हांस मान्य आहे. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' होडींतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागून अभिलाष टॉमी यांनीं त्याच होडींतून २०१३ सालीं ती कोठेंहि न थांबतां केली. हेच टॉमी २०१८ सालीं, १९६८ च्या शर्यतीच्या स्मरणार्थ जुन्याच साधनांनीं लावलेल्या शर्यतींत, गोव्यांतच बांधलेल्या 'थुरिया' होडींतून निघाले. सेक्स्टंट व कागदी नकाशे हाताशीं, आणि उपग्रहाचें यंत्र संकटापुरतें मोहोरबंद, असा नियम होता. २१ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि पाठीस जबर दुखापत होऊन त्यांस उठतां येईना. संकटसूचक यंत्र व दोन ओळींचे संदेश धाडणारें एक लहान उपकरण यांनीं त्यांचा ठाव सांगितला, आणि २४ तारखेस एका फ्रेंच जहाजानें त्यांस उचललें. जुनें व नवें यांतील श्रेष्ठ कोणतें हा वाद यावरून मिटत नाहीं. मिटतो तो दुसराच. एका साधनाचा मार्ग दुसऱ्यापासून स्वतंत्र असावा, म्हणजे एकाच लाटेनें दोन्ही जात नाहींत.

आपल्या क्षेत्रांतहि निर्णय याच मार्गानें होतात. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शिवजन्माची तिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. ती पुष्कळांस पटली याचें कारण शकावली निर्दोष होती हें नव्हे. परमानंदाच्या शिवभारतांत, म्हणजे सर्वस्वी निराळ्या परंपरेच्या ग्रंथांत, तीच तिथि आढळली हें होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या बाजारांत पितळी सेक्स्टंटें व होकायंत्रें विकावयास येतात. त्यांतील पुष्कळांवर जुनीं नांवें व सालें नव्यानें कोरलेलीं असतात, हें आमच्या वारंवार पाहण्यांत आलें आहे. अस्सल वस्तु मिळाली तरी विकणारा पितळ घांसून चकचकीत करतो, आणि पेटीच्या झांकणाच्या आंत चिकटविलेला पिवळा कागद ओरबाडून टाकतो. तो कागद म्हणजे त्या यंत्राच्या दोषांचें पत्रक, कोणत्या कोनावर किती चूक, कोणत्या सालीं कोणीं तपासलें, याची नोंद. घड्याळाबरोबरचें चालीचें पत्रक, विमानाच्या एंजिनाची दुरुस्तीवही, मचव्याच्या तांडेलानें पेन्सिलीनें लिहिलेली रोजनिशी, यांचेंहि असेंच होतें. तांडेलांच्या व हौशी नाविकांच्या घरीं असे कागद आजहि रद्दींत जात आहेत. ते ज्यांस दिसतील त्यांनीं ते जसेच्या तसे, खाडाखोडीसह, जतन करावे. खाडाखोड ही तर विशेष जपावी; चूक कोठें कळली व कशी सुधारली हें तेथेंच दिसतें. पत्रक हरवलेलें यंत्र शोभेच्या कपाटांत ठेवतां येईल, पण त्याच्या भरंवशावर कोणी बंदराबाहेर पडूं नये.